ऑनलाइन विमान अन् अंतराळ म्युझियम: लेकरांना कसं दाखवावं? (अनुभव लिहा)

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक लेकरांनी विमान फक्त वरून जाताना बघितलंय, नांदेडला विमानतळ आहे पण तिथं जाऊन बाहेरून कंपाउंडच दिसणार, म्हणून ऑनलाइन म्युझियम दाखवायचं ठरवलं. शाळेत टीव्ही आहे, माझ्या मोबाइलचं नेट आहे, तेवढ्यावर भागतं.

सगळीकडं सल्ला एकच मिळतो, व्हर्च्युअल टूर लावा. पण अमेरिकेतल्या डेटनचं वायुदलाचं म्युझियम घ्या, तिथं साडेतीनशेच्या वर विमानं अन् क्षेपणास्त्रं ठेवलीत, बाण दाबत दाबत हॉलमागून हॉल फिरवला तर लेकरं पहिली पाच मिनिटं डोळे मोठे करून बघतात अन् मग चुळबूळ सुरू. त्यात त्यांचा काय दोष, मोठ्या माणसाच्या डोक्यात तरी काय राहणार त्यातलं. म्हणून मी आता एका तासाला एकच वस्तू घेतो अन् तिच्यातून हलतच नाही. आणि ती वस्तू ग्राउंडवर फक्कीनं खऱ्या मापाची आखायची, हा माझा नियम.

पहिली वस्तू राइट बंधूंचं १९०३ चं विमान. मूळ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे अन् त्यांनी त्याचा थ्रीडी स्कॅन करून वेबसाइटवर टाकलाय. बोटानं फिरवा, झूम करा, खालून बघा. म्युझियममध्ये प्रत्यक्ष गेलेल्या माणसाला विमानाच्या पोटाखाली शिरता येत नाही, आपल्याला येतं. झूम केल्यावर सायकलीसारख्या साखळ्या दिसल्या की लेकरं लगेच ओळखतात. राइट बंधूंचं डेटनला सायकलीचंच दुकान होतं. इंजिन एकच, १२ हॉर्सपॉवरचं, त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरनं बनवलेलं, अन् साखळ्यांवर दोन पंखे (प्रोपेलर) फिरायचे. नीट बघा, दोन्हीपैकी एका बाजूची साखळी मधी फुली मारल्यासारखी उलटी करून घातलीये. कामून? तर दोन पंखे एकमेकांच्या उलट दिशेनं फिरावेत म्हणून, नाहीतर विमान एका अंगाला ओढलं गेलं असतं. हे एका मुलानं स्वतः शोधलं, त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे.

मग ग्राउंडवर गेलो. पंखांची लांबी १२ मीटरच्या थोडी वर, ती आखली. पहिलं उड्डाण १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर, तेही आखलं. वेळ १२ सेकंद. एकेकाला पळवलं तर सगळेच १२ सेकंदांच्या बरेच आत पोचले अन् आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, सर, विमान माझ्यापेक्षा हळू होतं तर मग पडलं कसं नाही?

ह्या एका प्रश्नावर पूर्ण तास गेला. त्या दिवशी, १७ डिसेंबर १९०३ ला, किटी हॉकला समोरून ताशी ३५-४० किलोमीटरचा वारा होता. जमिनीच्या हिशोबानं विमान ताशी ११ किलोमीटरनं सरकत होतं पण पंखांना लागणारी हवा ताशी ५० च्या आसपास होती, अन् पंखाला जमिनीशी काय घेणं, त्याला हवेचा वेग कळतो. विमानं वाऱ्याच्या तोंडावर का उडवतात हे लेकरांना आता पाठ करावं लागत नाही.

तुम्ही कुणी अशी म्युझियमं बघितलीत का? कोणती वस्तू घ्यावी, काय दाखवावं, सविस्तर लिहा.

चिकलठाणा

सर एक नंबर धागा. पण मोबाइलवर तो थ्रीडी मॉडेल लोड होतो का नीट? आमच्या इकडं संध्याकाळी नेट इतकं मरतं की साधा व्हिडिओ फिरत राहतो. डेटा किती खातं?

गोदाकाठ

@चिकलठाणा, पहिले धुरकट मॉडेल येतं अन् मग हळूहळू बारीक बारीक दिसायला लागतं, थांबायची तयारी ठेवा. मी सकाळी लवकर घरी उघडून बघतो, हव्या त्या जागेचे स्क्रीनशॉट काढून ठेवतो, नेट गेलं तरी तास बुडत नाही. अन् स्मिथसोनियननं २०२० पासून लाखो फोटो अन् मॉडेल्स सगळ्यांना मोफत वापरायला खुले केलेत, परवानगी मागायची गरज नाही, प्रिंट काढून वर्गात लावा. ३६० अंशाच्या टूरला डेटा जास्त लागतो, ती वायफाय असेल तिथंच उघडा.

उदगीरची ताई

मी गृहिणी आहे, मुलगी नववीला. आम्ही दोघी रात्री जेवणं झाल्यावर बघतो. आम्हाला सगळ्यात आवडलेली वस्तू अपोलो ११ चं कोलंबिया यान, म्हणजे चंद्रावरून तिघांना परत आणलं ते. वॉशिंग्टनला लोक लांबून लांबून येतात अन् त्यांना ते बाहेरूनच बघायला मिळतं, आत कुणालाच सोडत नाहीत. पण २०१६ मध्ये त्यांनी आतला स्कॅन ऑनलाइन टाकला, अन् स्कॅन करताना आतल्या भिंतींवर अंतराळवीरांनी पेनानं लिहिलेलं कायकाय सापडलं, त्यातलं बरंच काही तिथल्या लोकांनाही माहीत नव्हतं.

एका ठिकाणी हातानं चौकटी आखून कॅलेंडर काढलंय अन् एकेका दिवसावर फुली मारत गेलेत, फक्त पृथ्वीवर परत उतरायच्या दिवसावर फुली नाही. मुलगी म्हणाली, आई, त्या दिवशी कोण फुली मारत बसेल, घरी जायची घाई असेल. दुसरीकडं एका कप्प्यावर लिहिलंय की ह्यात घाण वास येणारा कचरा आहे. आणि मग मायकेल कॉलिन्स यांनी लिहिलेला मजकूर आहे, की आजवर बनलेल्यांतलं हे सगळ्यात चांगलं यान, देव ह्याचं भलं करो, अन् खाली सही. बाकीचे दोघं चंद्रावर उतरले तेव्हा हे एकटे वर फिरत होते ना, त्यामुळं त्यांचं अक्षर बघून मला भरून आलं.

तिघं माणसं आठ दिवस त्यात राहिली अन् आतली जागा जेमतेम सहा घनमीटर. काळी-पिवळीत मागं बसल्यावर असतं तसंच म्हणा. सर म्हणतात तसं आम्ही पण अंगणात रांगोळीनं बूड आखलं, चार मीटरला थोडं कमी भरतं. आता मुलगी रोज विचारते, आज कोणतं यान.

निवृत्त वायुसैनिक

बीडचा आहे. वायुदलात टेक्निकल ट्रेडला होतो, नोकरीचा बराच काळ मिगवर गेला. धागा बघून राहवलं नाही.

गुरुजी, लेकरांना मिग-२१ दाखवा. आपल्या वायुदलातनं २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, चंदीगडला निरोप दिला. साठ वर्षांच्या वर सेवा. दिल्लीला पालमच्या म्युझियममध्ये तर आहेच, पण गंमत बघा, अमेरिकेनं पण आपल्या म्युझियमांत मिग-२१ ठेवलंय, डेटनला अन् वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्याच उडवार-हेझी सेंटरला. ज्याच्याशी लढायची तयारी केली त्याचाच मान राखून ठेवलाय.

कॉकपिटचा फोटो मिळाला की दोन गोष्टी दाखवा. एक, आतला रंग. रशियन विमानात आतून सगळीकडं निळसर हिरवा रंग मारलेला असतो, तासन् तास बघून डोळे शिणू नयेत असा त्यांचा विचार. दुसरी, समोरच्या पॅनलवर मधोमध उभी पांढरी पट्टी. कुणाला वाटेल सजावट. तसं नाही. विमान गरगर फिरत खाली पडायला लागलं की वैमानिकाला दिशा कळत नाही, अशा वेळी विमान वळवायचा दांडा मधोमध आणायचा म्हणजे कुठं आणायचा, तर त्या पट्टीसमोर. हातभर रंगाची रेघ पण तिच्यावर जीव अवलंबून. म्युझियममध्ये पाटी वाचून हे कळत नाही, माहीत असलेल्यानं सांगावं लागतं. म्हणून माझं म्हणणं, आपल्या गावात कुणी वायुदलातला माणूस असेल तर त्याला शाळेत बोलवा अन् स्क्रीनसमोर बसवा. मराठवाड्यात गावोगाव फौजी आहेत, कुणी नाही म्हणणार नाही.

गोदाकाठ

काका, पांढऱ्या पट्टीचं पहिल्यांदाच ऐकलं. पुढचा तास मिगचाच. तुम्ही व्हिडिओ कॉलवर याल का? व्यक्तिगत निरोप पाठवतो.

निवृत्त वायुसैनिक

अवश्य. सकाळची वेळ धरा.

बालाघाट

विषय चांगलाय पण माझं मत थोडं वेगळंय, राग मानू नका. स्क्रीनवर दाखवून लेकरांना आपण बघितल्याचं समाधान देतो अन् मग सहल काढायचं कुणी मनावरच घेत नाही. खरं विमान किती मोठं असतं, त्याच्या चाकाला हात लावल्यावर कसं वाटतं, तेलाचा वास, हे मोबाइलमधून येत नाही. आणि सगळे अमेरिकेचंच बघायलेत, आपल्या देशातलं काय? बंगळुरूला एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं म्युझियम आहे, गोव्यात वास्कोला नौदलाचं, विशाखापट्टणमला बीचवर टीयू-१४२ हे अख्खं विमान ठेवलंय, आत शिरून बघता येतं.

गोदाकाठ

@बालाघाट, राग कशाचा, बरोबर बोललात. हात लावायची भूक स्क्रीन भागवत नाही हे मला मान्य. पण आमच्या गावातनं विशाखापट्टणमला पन्नास लेकरं न्यायची तर किती खर्च येतो हे तुम्हीच सांगा, अर्ध्या लेकरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या लेकराला सहलीची वर्गणी मागायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी सहल होईपर्यंत काहीच बघू नये का? उलट जे लेकरू स्क्रीनवर साखळी ओळखतं ते उद्या खरं विमान दिसलं की कुठं बघायचं ते आपोआप बघेल.

देशातलं म्हणाल तर एकदम पटलं. इस्रोनं २०२२ मध्ये स्पार्क नावाचं ऑनलाइन म्युझियम सुरू केलंय, लाँच व्हेइकल, उपग्रह, मोहिमांची माहिती, सगळं फिरून बघता येतं. आणि थुंबा विसरू नका. केरळात समुद्रकाठी मेरी मॅग्डलिनचं चर्च होतं, रॉकेट केंद्रासाठी ते लोकांनी दिलं, सुरुवातीचं काम तिथंच चालायचं, आता तिथं अंतराळ म्युझियम आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट तिथनंच उडालं.

मी वर्गात एक फोटो हमखास दाखवतो. बैलगाडीवर ठेवलेला इस्रोचा ॲपल नावाचा उपग्रह, १९८१ चा. कुणी म्हणतं पैसे नव्हते म्हणून बैलगाडी. तसं नाहीये ते. अँटेनाची चाचणी घ्यायची होती अन् ट्रकसारखं लोखंडी काही खाली असलं की लहरी त्याच्यावर आपटून गोंधळ होतो, म्हणून लाकडाची गाडी घेतली. हे कळल्यावर फोटो बघायची लेकरांची नजरच बदलते.

बालाघाट

बैलगाडीचं कारण खरंच माहीत नव्हतं, आम्ही आजवर गरिबीचीच गोष्ट म्हणून सांगत आलो. ऊसतोडीचा मुद्दा पटला. तरी सहलीचा हट्ट मी सोडणार नाही, आमच्या मंडळाकडनं काही जमतं का बघतो, दिल्ली जमली तर तिथं नेहरू तारांगणात राकेश शर्मा ज्यातनं खाली उतरले ते सोयुझ पण आहे.

औंढेकर

हिंगोली जिल्हा. थोडं अवांतर होईल, चालवून घ्या. आपल्याकडं आभाळातलं विज्ञान काही लांब नाही. हैदराबादला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र आहे, तिथनं हायड्रोजन भरलेले प्लास्टिकचे अवाढव्य फुगे सोडतात, तीस-चाळीस किलोमीटर वर जातात, खाली उपकरणं लटकवलेली असतात अन् काम झालं की ती पॅराशूटनं खाली येतात. मराठवाड्यातल्या शेतांत पण उतरतात. पेपरात दरवेळी सूचना येते की सापडलं तर हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. लोक उगं घाबरतात, बाँब बिंब म्हणतात. अशा वेळी शाळेत लेकरांना हे आधीच दाखवलेलं असलं तर गावात तेच सांगतील की ओ, हे विज्ञानाचं सामान आहे.

आणि आमच्या औंढ्याजवळ लायगो होणारे, म्हणजे अंतराळातनं येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोचे फोटो अन् व्हिडिओ त्यांच्या साइटवर आहेत, आपल्या गावाजवळ काय उभं राहणार ते आत्ताच बघून घेता येतं.

नांदेड_मेकॅनिकल

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला उडवार-हेझी सेंटरनं वेड लावलंय, एसआर-७१ हे हेरगिरीचं विमान, काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान अन् डिस्कव्हरी हे अंतराळात जाऊन येणारं शटल, तिन्ही एकाच छपराखाली. ह्या तिघांना जोडणारा धागा म्हणजे उष्णता, एवढं धरून बघितलं तरी तास रंगतो.

एसआर-७१ आवाजाच्या तिप्पट वेगानं जायचं, हवेच्या घर्षणानं इतकं तापायचं की ॲल्युमिनियम टिकत नाही म्हणून बहुतांश बॉडी टायटॅनियमची. तापल्यावर धातू फुगणार हे धरून पत्र्यांच्या जोडात मुद्दाम फट ठेवलेली, त्यामुळं जमिनीवर उभं असताना इंधन चक्क ठिबकायचं, वर जाऊन तापलं की फटी बंद. रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात ते आपण सातवीत शिकतो, तेच तत्त्व. तिथं ठेवलेलं विमान ६ मार्च १९९० ला लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला १ तास ४ मिनिटांत आलं अन् मग म्युझियमच्या ताब्यात दिलं. काँकॉर्ड पण हवेत असताना काही इंचांनी लांब व्हायचं.

अन् डिस्कव्हरी. ३९ वेळा अंतराळात जाऊन आलंय, सगळे मिळून ३६५ दिवस वर काढले. बहुतेक जण फोटो बघून पुढं जातात. तसं करू नका, पोटाकडं झूम करा. सगळ्या यानावर मिळून चोवीस हजारांच्या आसपास फरश्या चिकटवल्यात, वाळूपासनं मिळणाऱ्या सिलिकाच्या, अन् प्रत्येकीचा आकार वेगळा म्हणून प्रत्येकीवर नंबर टाकलेला. काही फरश्या गडद काळ्या तर काही फिकट पडलेल्या. गडद दिसतात त्या नंतर बदललेल्या, फिकट आहेत त्या जुन्या, खूप वेळा तापून आलेल्या. म्हणजे यानाचा सगळा इतिहास अंगावरच लिहिलाय, फक्त वेळ देऊन बघायला पाहिजे.

उदगीरची ताई

त्याच म्युझियममध्ये हिरोशिमावर अणुबाँब टाकणारं एनोला गे विमान पण आहे. मुलगी चकचकीत विमान बघून म्हणाली किती सुंदर, अन् मला काय बोलावं कळेना. पाटीवर विमानाची माहिती जास्त, माणसांची कमी. तुम्ही सर लोक वर्गात काय करता?

गोदाकाठ

ताई, फार महत्त्वाचा प्रश्न काढलात. १९९५ मध्ये अमेरिकेतच ह्यावरनं मोठा वाद झाला, म्युझियमला ठरवलेलं प्रदर्शन रद्द करून लहान प्रदर्शन मांडावं लागलं. मी हे विमान एकटं दाखवत नाही. हिरोशिमाच्या शांतता स्मारक म्युझियमच्या साइटवर तिथल्या वस्तूंचे फोटो आहेत, त्यातला जळालेला जेवणाचा डबा आधी दाखवतो, एका शाळकरी मुलाचा, सकाळी कामावर नेलेला. मग विमान. तारीख ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. सातवीच्या खालच्यांना दाखवत नाही. अन् त्या दिवशी ग्राउंडवर काही आखत नाही, वर्गातच बसतो, लेकरांना बोलायचं ते बोलू देतो. विमान तर तेच दाखवायचं पण ते कशासाठी उडालं हे लपवायचं नाही, एवढं मी पाळतो.

निवृत्त वायुसैनिक

बरोबर करता गुरुजी. वर्दीतल्या माणसाला हे जास्त कळतं.

चिकलठाणा

मी काल अंतराळ स्थानकाचं स्ट्रीट व्ह्यू उघडलं. गुगलनं २०१७ मध्ये टाकलंय, थॉमस पेस्के नावाच्या फ्रेंच अंतराळवीरानं वर असताना फोटो काढलेत. वर खाली काही नाहीच, भिंतीला, छताला सगळीकडं सामान अन् वायरी. माझा पुतण्या विचारायला की ह्यांची फरशी कुठं आहे. मला उत्तर देता येईना, मग दोघांनी मिळून शोधलं, सगळ्या बाजूंनी वापरता येतं पण दिवे वरच्या बाजूला लावलेत म्हणजे माणसाला वर कुठलं ते समजावं. कपोला नावाची खिडकीची खोली नक्की उघडा.

अडचण एकच, सगळं इंग्लिशमधी. आमच्याकडच्या मराठी मीडियमच्या लेकरांनी कसं वाचावं?

गोदाकाठ

भाषांतराचं ॲप पाटीवर धरलं तर काम भागतं पण तांत्रिक शब्दांची पार वाट लागते. आम्ही वेगळं करतो. आठवीची लेकरं एका वस्तूची मराठीत पाटी तयार करतात, पाच ओळींच्या आत, सातवीतल्या लेकराला कळेल अशी. नाव, साल, कुठं ठेवलंय, काय केलं, अन् नीट बघायची एक जागा. शेवटची ओळ सक्तीची. राइटच्या पाटीवर लिहिलंय, "उजवी-डावी साखळी सारखी आहे का बघा." व्हरांड्यात सुतळीला टांगल्यात.

नांदेड_मेकॅनिकल

सर, ह्या पाट्या इथं टाकता का? आपण सगळ्यांनी मिळून वाढवू. डिस्कव्हरी अन् एसआर-७१ च्या मी लिहितो.

औंढेकर

बलूनची मी लिहितो.

उदगीरची ताई

कोलंबियाची मुलीनं लिहायला घेतली पण. तिचा एक प्रश्न आहे, रशियाचं कुणीच सांगितलं नाही. मॉस्कोच्या म्युझियमचं ऐकलंय, कुत्र्यांबद्दल.

गोदाकाठ

हो, मॉस्कोचं अंतराळ म्युझियम, १९८१ ला उघडलं, वर टायटॅनियमचा उंच मनोरा अन् खाली म्युझियम. बेल्का अन् स्त्रेल्का ह्या दोन कुत्र्या ऑगस्ट १९६० मध्ये पृथ्वीभोवती फिरून जिवंत परत आल्या, त्या मेल्यावर पेंढा भरून तिथंच ठेवल्यात. त्यांच्या आधी, १९५७ ला, लायका गेली होती ती परत आली नाही, तिला परत आणायची सोयच यानात नव्हती. लेकरांना दोन्ही सांगावं. ताई, ही पाटी पण तुमच्या मुलीकडंच देऊ का?

उदगीरची ताई

द्या. रविवारपर्यंत टाकते म्हणाली.